१४ जूनला असुरक्षित संबंध, बाराव्या दिवशी ताप: कोणती टेस्ट, कधी आणि बेळगाव-निपाणी भागात कुठे?

निपाणी_नाका (३ जुलै, रात्री ११:२०)

सगळं सरळ लिहितो, म्हणजे उत्तरंही सरळ मिळतील.

१४ जूनच्या रात्री कंडोमशिवाय संबंध आला. योनीमार्गे, एकदाच. समोरच्या व्यक्तीला एचआयव्ही आहे की नाही ते माहीत नाही, आता संपर्कही नाही. २३ जूनला खासगी लॅबमध्ये टेस्ट केली, 'नॉन-रिॲक्टिव्ह' आली. रिपोर्टवर पद्धत म्हणून 'रॅपिड कार्ड' एवढंच लिहिलंय.

२६ जूनला ताप आला, १०१ पर्यंत. चार दिवस राहिला, आता नाही. अंग मोडून आलं होतं, घसा अजून दुखतो. मानेला डाव्या बाजूला गाठ हाताला लागते. पोटावर चार-पाच लाल ठिपके आहेत, खाजत नाहीत. जिभेवर पांढरा थर. रात्रंदिवस गुगलवर बघूलालोय आणि वाचेन ते सगळं जुळतंय. झोप नाही, जेवण जात नाही, वजनही दोन किलो उतरलंय.

लग्न झालंय. बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. १४ तारखेनंतर बायकोशी संबंध आलेला नाही.

ही लक्षणं त्याचीच काय? २३ तारखेचा रिपोर्ट धरायचा का? पुढची टेस्ट कोणती करू, कुठल्या तारखेला? निपाणीत गेलो तर कोण ना कोण ओळखीचं भेटणार. बेळगावला जाऊ की कोल्हापूरला?

---

आप्तसमालोचक (३ जुलै, रात्री ११:५८)

आधी लक्षणांचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडवलीय.

एचआयव्हीची लागण झाल्यावर पहिला ताप येतो तो बहुधा दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान. ताप, घसा, अंगदुखी, गाठी, छातीवर-पाठीवर-चेहऱ्यावर बारीक लाल पुरळ, कधी तोंडात फोड. आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बसतं. तुमचा ताप बाराव्या दिवशी आला, म्हणजे तारखेच्या हिशोबाने 'शक्यच नाही' असं म्हणता येत नाही. खोटा धीर मी देणार नाही. पण हीच यादी डेंग्यूची आहे, चिकुनगुनियाची आहे, साध्या व्हायरल तापाची आहे. जून-जुलैत आपल्या भागात घरटी एकाला असा ताप येतो. उलट बाजूही ध्यानात घ्या: लागण झालेल्या अनेकांना या काळात काहीच होत नाही. म्हणजे लक्षणं आहेत म्हणून लागण आहे असं नाही, आणि नाहीत म्हणून सुटलो असंही नाही. शरीर तपासत बसून यातलं काही ठरत नाही.

एकेक घ्या. पहिल्या तापात एचआयव्हीच्या गाठी बहुधा एका जागी नसतात, मानेला दोन्ही बाजूंना आणि काखेत लागतात. एकाच बाजूला, घसा दुखत असताना आलेली गाठ ही बहुतेक वेळा घशाची किंवा दाताची असते. तुम्ही ती दिवसातून वीसदा चाचपत असाल तर त्यानेच ती दुखरी राहते. चाचपणं बंद करा. तापात पाणी कमी गेलं, जेवण गेलं नाही की जिभेवर पांढरा थर येतो. बुरशीचा थर दह्याच्या कवडीसारखा असतो, खरवडला की खाली लाल दिसतं. दोन किलो वजन तापाने आणि न जेवल्यानेही उतरतं. एचआयव्हीने माणूस खंगतो तो बहुधा उपचाराविना काही वर्षं गेल्यावर.

आता धोक्याचा आकडा. समोरची व्यक्ती बाधित आहे आणि उपचार घेत नाही असं धरलं, तरी योनीमार्गे एकदा संबंध आल्यास पुरुषाला लागण होण्याचं प्रमाण १०,००० वेळांत साधारण ४ आहे. बाईला ८. गुदमार्गे घेणाऱ्याला १३८. दोघांपैकी कुणाला जननेंद्रियावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल, किंवा समोरच्याची लागण अगदी ताजी असेल, तर हे वाढतं. तुमच्या बाबतीत समोरची व्यक्ती बाधित आहे हेही माहीत नाही, म्हणजे प्रत्यक्ष धोका याहून कमी. तरीही शून्य नाही, म्हणून टेस्ट करायचीच.

बायकोचं सगळ्यात महत्त्वाचं. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम. बाळ अंगावर पीत असताना आईला नवी लागण झाली तर त्या सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्या दुधातही विषाणू भरपूर असतो, म्हणून इथे एकदाही सूट नाही. आत्तापर्यंत तुम्ही दूर राहिलात हे फार बरं केलंत. बायकोला आणि बाळाला आज कुठलीही टेस्ट लागत नाही. तिला कसं सांगायचं हे जमत नसेल तर सरकारी एचआयव्ही चाचणी केंद्रात दोघांना समोर बसवून बोलतात. ते काम समुपदेशकाचंच आहे.

---

रक्तनमुना (४ जुलै, सकाळी ७:०५)

टेस्टचं मी सांगतो. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि पैसेही इथेच वाया जातात.

२३ जूनचा रिपोर्ट म्हणजे नववा दिवस. कार्ड टेस्ट बहुतेक वेळा फक्त अँटिबॉडी बघते, म्हणजे विषाणू आल्यावर शरीर जे प्रतिद्रव्य तयार करतं ते. ते दिसण्याइतकं तयार व्हायला २३ ते ९० दिवस लागतात. नवव्या दिवशी ते कुणाच्याच रक्तात सापडत नाही. म्हणून तो रिपोर्ट १४ जूनबद्दल काहीच सांगत नाही, तो १४ जूनच्या आधीच्या आयुष्याबद्दल सांगतो. फेकू मात्र नका. पुढे उपयोगी पडतो.

शिरेतून रक्त घेऊन मशीनवर करतात ती फोर्थ जनरेशन टेस्ट अँटिबॉडीबरोबर पी-२४ हे अँटिजनही पकडते. अँटिजन म्हणजे विषाणूचाच एक तुकडा, तो अँटिबॉडीच्या आधी रक्तात येतो. या टेस्टचा काळ १८ ते ४५ दिवस. म्हणजे काहींची लागण अठराव्या दिवशी दिसते आणि ४५ व्या दिवसापर्यंत जवळजवळ सगळ्यांची दिसते. बोटाला टोचून करायच्या कार्डावरही कधी 'अँटिजन-अँटिबॉडी' छापलेलं असतं, पण शिरेतल्या रक्तावर मशीनने केलेल्या टेस्टइतकं ते लवकर पकडत नाही, तिथे ९० दिवस धरा. तिसरी ती आरएनए किंवा नॅट, थेट विषाणू मोजणारी, १० ते ३३ दिवस. ती महाग असते, नमुना बहुधा मुंबई-बेंगळुरूला जातो आणि तुमच्या स्थितीत तिची गरज नाही.

तारखा अशा. आज ४ जुलै, विसावा दिवस. २९ जुलैला ४५ दिवस भरतात. १२ सप्टेंबरला ९० भरतात.

एरवी मी २९ जुलैपर्यंत थांबा म्हटलं असतं. पण तुम्हाला ताप येऊन गेलाय, म्हणून आज-उद्या एक फोर्थ जनरेशन करून घ्यायला अर्थ आहे. कारण असं: तो ताप एचआयव्हीचा असता तर तो विषाणू रक्तात जोरात वाढल्यामुळेच आलेला असणार, आणि ताप येऊन आठवडा उलटल्यावर पी-२४ रक्तात दिसण्याची शक्यता खूप मोठी असते. तेव्हा आता नॉन-रिॲक्टिव्ह आली तर 'तो ताप दुसऱ्या कशाचा तरी होता' याला बराच आधार मिळतो. शेवटचा निकाल मात्र तो नव्हे. तो २९ जुलैचाच.

त्याच रक्तात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि डेंग्यू करून घ्या. डेंग्यूची एनएस-१ टेस्ट तापाच्या पहिल्या पाच दिवसांपुरतीच भरवशाची, तुमचे ते दिवस गेले. आता आयजीएम मागा. पुन्हा ताप आलाच तर पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लॅबमध्ये 'एचआयव्ही टेस्ट करा' एवढंच म्हणालात तर समोर असेल ते कार्ड काढतील. विचारायचं असं: "फोर्थ जनरेशन आहे का, पी-२४ अँटिजन त्यात येतं का, मशीनवर करता की कार्डावर?" क्लिया किंवा एलिसा, कॉम्बो किंवा ड्युओ असे शब्द ऐकू आले तर बहुधा योग्य ठिकाणी आहात, पण रिपोर्टवर 'अँटिजन व अँटिबॉडी' असं छापलेलं बघून घ्या.

सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, करू नका. ती लागण शोधायची टेस्ट नाही, कुठल्याही तापात ती खालीवर होते, आणि आकडा बघून माणूस उगाच खचतो. 'फुल बॉडी पॅकेज'चाही इथे काही उपयोग नाही.

---

कॉलेजरोड (४ जुलै, सकाळी ८:३०)

एवढं कशाला? रक्तदान शिबिरात रक्त द्या. तिथे एचआयव्ही फुकट तपासतात आणि काही निघालं तर फोन करतात. कुणाला कळत पण नाही.

---

आप्तसमालोचक (४ जुलै, सकाळी ८:४१)

हे अजिबात करू नका. हा सल्ला कुणालाही देऊ नका, हात जोडून सांगतो.

रक्तपेढीत रक्त तपासतात ते खरं. पण लागण होऊन आठवडा-दोन आठवडे झालेलं रक्त तपासणीतून सुटू शकतं. ते रक्त मग बाळंतिणीला जाईल, थॅलेसेमियाच्या लेकराला जाईल. रक्तातून दिली गेलेली लागण जवळजवळ हमखास होते, तिथे १०,००० त ४ चा हिशोब नाही. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत रक्तदान पूर्ण बंद.

आणि फुकट तपासणी करायला शिबिर लागतच नाही. सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, तिथे टेस्ट मोफत आहे. बेळगावला सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये आहे, आणि तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलांतही ही सोय असते. आपल्याकडची एक अडचण अशी की पाटी कन्नडमध्ये असते आणि वाचता न आल्याने माणसं औषधाच्या रांगेत उभी राहून परत जातात. पाटीवर 'समग्र आप्त समालोचने मत्तु परीक्षा केंद्र' अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. कुणाला विचारायचं झालं तर 'एचआयव्ही' शब्द उच्चारायची गरज नाही, "आयसीटीसी कुठं आहे?" एवढं पुरतं. फॉर्म कन्नडमध्ये असला तर समुपदेशकाला मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवायला सांगा, समजल्याशिवाय सही करू नका. संमती घेणं आणि आधी-नंतर समुपदेशन करणं हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेच घालून दिलंय. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती खरी असते, तिला हसण्यात अर्थ नाही. निपाणीकराला कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल जवळ पडतं. गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय आहे, चिकोडी आहे, अथणी-कागवाडकडच्यांना मिरजेचं सिव्हिल आहे. राज्याची हद्द इथे आड येत नाही, कार्यक्रम एकच राष्ट्रीय आहे, टेस्टची पद्धतही तीच. सकाळी जा, दुपारनंतर रक्त घेणं बऱ्याच ठिकाणी थांबतं. रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. तो तुमच्याच हातात देतात, घरी पाठवत नाहीत.

तिथे तीन वेगवेगळ्या प्रकारची किट असतात. पहिलं नॉन-रिॲक्टिव्ह आलं तर तिथेच थांबतात. रिॲक्टिव्ह आलं तर त्याच रक्तावर दुसरं आणि तिसरं लावतात आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणून बाहेरच्या लॅबच्या एका कार्डावर रिॲक्टिव्ह आलं तर ते पक्कं धरू नका, थेट आयसीटीसीत या. आणि आयसीटीसीतलं किट प्रामुख्याने अँटिबॉडीचं असतं, म्हणून तिथला शेवटचा रिपोर्ट १२ सप्टेंबरनंतरचाच धरायचा. मशीनवरची फोर्थ जनरेशन केली तर २९ जुलैचा.

१०९७ हा टोल-फ्री नंबर आहे, नाव न सांगता बोलता येतं.

---

उद्यमबाग_रात्रपाळी (४ जुलै, सकाळी ९:१५)

याच धाग्यात विचारतो, वेगळं लिहायचा धीर नाही. २ जुलैच्या रात्री साडेअकराला कंडोम फाटला. पुरुषाबरोबर, गुदमार्गे, मी घेणारा. त्याने नंतर सांगितलं की कधी टेस्टच केलेली नाही. मला पण ४५ दिवस थांबायचं काय?

---

खडेबाजार_फार्मा (४ जुलै, सकाळी ९:२२)

तुम्ही थांबायचं नाही. तुम्ही आत्ता उठायचं. वरच्या भावाचे दिवस निघून गेले होते, तुमचे तास अजून शिल्लक आहेत.

पेप नावाचा औषधांचा कोर्स असतो. संपर्क आल्यानंतर ७२ तासांच्या आत सुरू केला तर विषाणूला शरीरात मूळ धरू देत नाही. दोन तासांत सुरू होणं सगळ्यात चांगलं, नंतर प्रत्येक तासाला उपयोग घटत जातो. तुमचे ३४ तास होत आलेत. ७२ तास ५ जुलैच्या रात्री साडेअकराला संपतात, पण ती मुदत डोक्यात ठेवूच नका, पहिली गोळी आज दुपारच्या आत पोटात जायला हवी. त्याला आधी टेस्ट करायला लावू, मग बघू, असंही नको.

बेळगावात सिव्हिलला जा. तिथे एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र आहे, ते बंद असेल तर कॅज्युअल्टीत. बोलायचं एवढंच: "एचआयव्हीचा संपर्क आलाय, अमुक तास झाले, पेप हवंय." कोणत्या मार्गाने संबंध आला हे डॉक्टरला स्पष्ट सांगा, कारण तुमच्या प्रकारात धोका सगळ्यात जास्त आणि ते कळल्यावरच ते घाई करतील. प्रौढ पुरुषांमधला सहमतीचा संबंध २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा नाही, घाबरून लपवू नका. सरकारी साठ्यातलं पेप मुख्यतः आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी ठेवलेलं असतं, त्यामुळे काही ठिकाणी आढेवेढे घेतात. तिथे वाद घालत तास घालवू नका, डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या आणि बाहेरून औषध घ्या. खासगी एमडी मेडिसिन किंवा त्वचा-गुप्तरोग तज्ज्ञही लिहून देतात. एका दुकानात नसेल तर मोठ्या हॉस्पिटलच्या दारातल्या दुकानांत बघा.

चिठ्ठीत बहुधा तीन औषधांची एकच गोळी असेल: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३००, डोल्युटेग्राविर ५०. दिवसातून एक, २८ दिवस. पूर्ण २८. तेरा-चौदा दिवसांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडणारे खूप असतात आणि तिथेच सगळं बिघडतं. पहिल्या गोळीसाठी रिपोर्टची वाट बघायची नाही, पण रक्त त्याच दिवशी द्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, क्रिएटिनिन, लिव्हरची एएलटी. क्रिएटिनिन कशाला, तर टेनोफोविर किडनीवाटे जातं. हिपॅटायटिस बी कशाला, तर यातली दोन औषधं त्या विषाणूलाही दाबतात, आणि तो अंगात असताना २८ दिवसांनी गोळी एकदम थांबवली तर कावीळ उसळू शकते.

रात्रपाळी आहे म्हणून वेळ अशी निवडा जी दोन्ही पाळ्यांत सापडेल, उदाहरणार्थ संध्याकाळी सात. झोप उडाली तर वेळ डॉक्टरांना विचारून बदला. मळमळ आणि डोकेदुखी पहिला आठवडा होते, जेवणानंतर घेतली की कमी होते. जेलुसिल-डायजीनसारखी अँटासिड ही मोठी चूक. त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं, औषध रक्तात पुरेसं जात नाही. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, मल्टिव्हिटॅमिन यांनाही तेच लागू, फक्त ती जेवणासोबत एकत्र घेतली तर चालतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, या गोळीबरोबर तिचं प्रमाण मर्यादित ठेवावं लागतं. एक दिवस विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

टेस्ट आज, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. काही केंद्रं सहा महिन्यांचीही सांगतात, सांगितली तर करा. पेपमुळे अँटिबॉडी उशिरा दिसू शकते, म्हणून वरचा ४५ दिवसांचा हिशोब तुम्हाला तसाच लागू होत नाही. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर तीही आजच विचारा.

जाऊन आल्यावर इथे दोन शब्द लिहा.

---

खानापूरची (४ जुलै, दुपारी २:१०)

नवरा गोव्यात कामाला असतो, महिन्यातून दोनदा येतो. बाहेर संबंध आहेत असं कळलंय. तो टेस्ट करायला तयार नाही. मी एकटी जाऊन केली तर चालते का? नवऱ्याची सही मागतात का? सासरी कळेल का? आणि आता पाळी चुकलीय.

---

आप्तसमालोचक (४ जुलै, दुपारी २:४६)

ताई, एकट्या गेलात तरी चालतं. तुम्ही सज्ञान आहात, संमती फक्त तुमची लागते. नवऱ्याची सही, सासूची सही, काही नाही. रिपोर्ट तुमच्या संमतीशिवाय घरच्यांना सांगायला कायद्याने मनाई आहे.

पाळी चुकलीय तर उलट तुमचं काम सोपं झालं. गरोदरपणात एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बीची तपासणी नेहमीच्या तपासणीतच येते. नाव नोंदवायला गेलात की रक्त घेतीलच, वेगळं कारण सांगावं लागत नाही. लवकर जा. पाचव्या महिन्याची वाट बघू नका. एकच गोष्ट समुपदेशकाला आवर्जून सांगा: नवऱ्याचा धोका अजून चालू आहे. ते कळलं तर पुढच्या महिन्यांत आणि बाळंतपणाच्या वेळी पुन्हा टेस्ट ठेवता येते. नाहीतर पहिली नॉन-रिॲक्टिव्ह आली की तिथेच फाईल बंद होते आणि नंतर झालेली लागण कुणाला दिसत नाही.

समजा रिॲक्टिव्ह आली, तरी बाळाचं नशीब ठरत नाही. आईचं औषध लवकर सुरू झालं, रोज घेतलं आणि विषाणू दबला, तर बाळाला होण्याची शक्यता १ टक्का किंवा त्याहून खाली येते. औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. नवऱ्याचा रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह असला म्हणून तुमचाही तसाच, किंवा उलट, असं मात्र धरायचं नसतं. दोघांचं रक्त वेगळं.

नवरा कंडोमला नाही म्हणत असेल, मारहाण करत असेल, तर तेही समुपदेशकाला सांगा. त्यांना ते ऐकायची सवय आहे आणि महिलांसाठी १८१ ही हेल्पलाईन आहे.

---

उद्यमबाग_रात्रपाळी (४ जुलै, दुपारी ४:३२)

सिव्हिलला जाऊन आलो. रक्त घेतलं, गोळी एक वाजता घेतली. अठ्ठावीसची चिठ्ठी आहे, बाटलीत तीस आहेत. दोन उरतात त्या काय करू?

---

खडेबाजार_फार्मा (४ जुलै, संध्याकाळी ५:०४)

उत्तम केलंत. ३० गोळ्यांची बाटली असते, दोन उरणारच. त्या पुढच्या वेळेला म्हणून ठेवू नका आणि कुणाला देऊ नका, दोन गोळ्यांनी कुणाचं पेप होत नाही. गोळी आज एकला घेतली, उद्या तुम्हाला सोयीची सातची वेळ हवी असेल तर तीस तासांचं अंतर पडेल. त्यापेक्षा उद्या सकाळी सातला घ्या आणि तीच वेळ धरा, पाळीवरून सुटल्यावरही ती सापडते. झाकण घट्ट लावा, आतली दमट शोषणारी पुडी काढू नका, आपल्या पावसात गोळी ओलसर होते. आणि असा प्रसंग पुन्हा पुन्हा येण्यासारखा असेल तर सहा आठवड्यांच्या भेटीत डॉक्टरांना प्रेपबद्दल विचारा. ते संपर्काच्या आधी घ्यायचं औषध आहे, दर वेळी धावपळ करण्यापेक्षा बरं.

---

निपाणी_नाका (६ जुलै, रात्री ९:४५)

काल कोल्हापूरला फोर्थ जनरेशन केली. बावीसावा दिवस झाला नव्हता, एकविसावा होता. 'नॉन-रिॲक्टिव्ह ०.३१, कट-ऑफ १.००' असं आलंय. डेंग्यू आयजीएम निगेटिव्ह, प्लेटलेट बरोबर आहेत. पण ०.३१ कशाला? शून्य का नाही? नेटवर एकाचा ०.०८ दिसला. माझ्यात थोडं थोडं वाढूलालंय असा अर्थ होतो काय? आणि डेंग्यू पण नाही म्हणजे मग ताप कशाचा?

---

रक्तनमुना (६ जुलै, रात्री १०:२०)

नाही, तसा अर्थ होत नाही. मशीन रक्तातून येणारा प्रकाश मोजतं आणि तो आकडा ठरवलेल्या मर्यादेने भागतं. एकच्या खाली म्हणजे नॉन-रिॲक्टिव्ह, बस्स. शून्य कुणाचाच येत नाही, कारण रिकाम्या नळीतूनही थोडा उजेड मशीनला दिसतोच. तुमच्या रक्तातली इतर प्रथिनं, मशीनची कंपनी, किटची बॅच, सगळ्याने तो हलतो. आज ०.३१ आणि उद्या त्याच रक्ताचा ०.१९ येईल. म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी लावून बघू नका आणि चार दिवसांनी 'वाढलाय का' बघायला पुन्हा लॅबमध्ये जाऊ नका. एकच्या आसपास, ०.९ वगैरे असता तर मीच पुन्हा करा म्हटलं असतं.

ताप येऊन नऊ दिवसांनी पी-२४ पकडणारी टेस्ट नॉन-रिॲक्टिव्ह आहे. तो ताप एचआयव्हीचा असण्याची शक्यता आता खूपच कमी झालीय. कशाचा होता ते कदाचित कधीच कळणार नाही, बहुतेक व्हायरल तापांचं नाव कुणी शोधतही नाही. घसा अजून दुखत असेल तर गळा डॉक्टरला दाखवा, गाठ तीन-चार आठवड्यांनंतरही राहिली किंवा वाढली तरी दाखवा.

एक गोष्ट राहिली, एचआयव्हीच्या भीतीत ती नेहमी राहते. बाकीचे गुप्तरोग एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतात. लघवीला जळजळ किंवा पू गोनोरियात बहुधा आठवड्याच्या आत दिसतं, क्लॅमिडियात एक ते तीन आठवड्यांत. सिफिलिसची जखम साधारण तीन आठवड्यांनी येते, म्हणजे तुमचे तेच दिवस आहेत. ती दुखत नाही आणि काही आठवड्यांत स्वतःच भरते, म्हणून माणूस विसरतो आणि रोग आत राहतो. शिश्नावर, पुढच्या कातडीखाली, गुदाजवळ नीट बघा. काही दिसलं तर मलम लावू नका, उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका, त्याने जखम दबते आणि निदान चुकतं. सरकारी हॉस्पिटलात 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे यावर उपचार मोफत आहेत.

२९ जुलैला किंवा त्यानंतर जाल तेव्हा एकाच रक्तात तीन रोगांच्या टेस्ट सांगा: एचआयव्ही फोर्थ जनरेशन, सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि टीपीएचए, आणि हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी. सिफिलिसची १२ सप्टेंबरच्या सुमाराला आणखी एकदा. उपाशीपोटी जायची गरज नाही. आधीचे दोन्ही रिपोर्ट सोबत ठेवा. तोवर कंडोम चालू.